पुढचे दोन टायर

माझा उजवा पाय अजून रिटायर झालेला नाही. लेक गाडी चालवत असते, मी शेजारी बसलेली असते, समोरचा दिवा पिवळा होतो आणि माझा पाय खालच्या मॅटवर जोरात दाबला जातो. तिथं दाबण्यासारखं काही नसतं. लेक सवयीनं म्हणते, "आई, देअर इज नो ब्रेक." मी म्हणते, माहीत आहे, आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा दाबते.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या आसपास मी बरीच वर्षं ड्रायव्हिंग शिकवलं. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी हव्यात असा फोन आला, तेव्हा आमच्या यजमानांनी घसा साफ करून पेन हातात घेतलं होतं. ते इंजिनिअर. आठवणी काकूंच्या हव्या आहेत असं कळल्यावर त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं आणि टीव्ही लावला. हे लिखाण त्याच पेनानं चाललं आहे.

ऐंशीच्या दशकात आपल्या बायका लग्न करून इकडे यायच्या आणि घरात अडकायच्या. बस नाही, चालत जाण्यासारखं दुकान नाही, नवरा सकाळी गाडी घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत खिडकी. मग शनिवारी नवरे शिकवायला बसायचे. पहिल्या वळणावर भांडण, दुसऱ्या शनिवारी अबोला. मी स्वतः अशीच शिकले, म्हणून माझा पहिला नियम असा होता की नवऱ्यानं बायकोला गाडी शिकवू नये. मी राज्याचं शिकवण्याचं लायसन्स काढलं, एक जुनी ऑटोमॅटिक सेडान घेतली आणि तिच्यात माझ्या बाजूला दुसरा ब्रेक बसवून घेतला. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगते, या दुसऱ्या ब्रेकवर आमचा सगळा धंदा चालतो. तो लवकर दाबला तर शिकणारीला वाटतं आपल्याला कधी जमणारच नाही. उशिरा दाबला तर पोलिसाशी बोलावं लागतं. तो केव्हा दाबायचा नाही, हे शिकायला मला काही वर्षं लागली.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. फिजिक्समध्ये पीएच.डी. करणारा एक मुलगा प्रत्येक स्टॉप साइनला थांबण्याचं अंतर तोंडानं मोजायचा आणि मोजून होईपर्यंत रेषा ओलांडून गेलेला असायचा. एका डॉक्टरांच्या आई आधी गाडीला "थांब गं बाई" म्हणायच्या, ती थांबली नाही की मगच ब्रेककडे वळायच्या. नागपूरची वैशाली माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. पहिल्या फटक्यात पास झाली, पण नवऱ्यानं तिच्यासाठी गाडीची दुसरी किल्ली कधी करूनच घेतली नाही. पुढं ती मला किराणा घेताना भेटली तेव्हा नवरा बाहेर गाडीत बसून होता. तिच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. लायसन्स मिळवून देणं माझ्या हातात होतं, त्यापुढचं नव्हतं.

आज लिहायचं आहे ते मात्र सुधाताईंबद्दल.

सुधाताई आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं त्यांचं काम, आणि त्याच हॉस्पिटलात त्यांचे यजमान एक्स-रे बघणारे डॉक्टर. सकाळी सहाच्या पाळीला दोघं एकत्र जायचे, एकत्र यायचे. त्यामुळे गाडी शिकायची गरजच त्यांना कधी पडली नव्हती. मग एका वसंतात डॉक्टरांनी घरची ऐसपैस स्टेशन वॅगन विकली आणि स्पोर्ट्स कार आणली. लाल, बुटकी, दोनच सीटची, लांब नाकाची. जन्मभराची हौस होती म्हणे. वॅगन आपल्याला न विचारता विकली याचा सुधाताईंना इतका राग आला की त्या गाडीत त्या एकदाही बसल्या नाहीत. तिची पूजासुद्धा केली नाही. डॉक्टर दर रविवारी तिचं शेजारचं दार उघडून उभे राहायचे, म्हणायचे, चल, नदीकाठानं एक चक्कर मारून येऊ. या म्हणायच्या, आधी माझी वॅगन आणा. कामावर त्या मारिया नावाच्या एका फिलिपिनो सहकारी बाईबरोबर जाऊ लागल्या. नवरा-बायको एकाच घरातून, एकाच हॉस्पिटलात, दोन गाड्यांतून जात होते.

त्या दिवाळीच्या आधी डॉक्टर हार्ट अटॅकनं गेले. आदल्या संध्याकाळपर्यंत धडधाकट होते.

मुलगा सलील सॅन होजेला. दिवस झाले तसं त्यानं आईला सांगितलं की घर विकून टाकू, तू माझ्याकडे चल. त्याचं चुकीचं नव्हतं. मारियाची नव्या वर्षापासून दुसऱ्या गावी बदली होणार होती. त्यानंतर सकाळी सहाला सुधाताई लॅबमध्ये पोचणार कशा? लॅब सुटली तर इथं राहायचं कशासाठी? त्यांना जायचं मात्र नव्हतं. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुमुद, मला गाडी शिकव," त्या म्हणाल्या. "त्यांचीच. दुसरी नको."

मी समजावून पाहिलं. ती गाडी गियरची. ताकद मागच्या चाकांना. हिवाळा तोंडावर. अशी गाडी लोक नोव्हेंबरात ताडपत्री घालून झाकतात ती एप्रिलमध्ये काढतात. ती विका, एक साधी ऑटोमॅटिक घ्या, महिन्यात तयार करते. सुधाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सहा महिने तिच्याशी भांडले मी. आता ती माझ्या गराजमध्ये उभी आहे आणि मला ती जागची हलवता येत नाही. विकायची झाली तर चालवता आल्यावर विकीन." शिकाऊ परमिट काढलं आणि आम्ही सुरुवात केली.

माझ्या गाडीत त्यांना वळणं, आरसे, लेन हे सगळं पटकन आलं. लॅबमध्ये जन्म गेलेला, हात स्थिर. मग आम्ही लाल गाडीत बसलो. तिच्यात माझ्या बाजूला ब्रेक नव्हता. इतकी वर्षं ज्याच्या जिवावर मी शांत आवाजात बोलत आले तो नाही म्हटल्यावर माझा आवाज पहिल्याच गल्लीत चिरका झाला. सुधाताई म्हणाल्या, तू ओरडणार असशील तर मागच्या सीटवर बस. मागची सीट नव्हतीच.

डिसेंबरच्या सुरुवातीला टायरच्या दुकानातून फोन आला. डॉक्टरांनी मागवलेले विंटर टायर आले होते. सुधाताईंना यातलं काहीच माहीत नव्हतं.

विंटर टायर म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पुष्कळांना तेव्हा माहीत नसे. साधी गोष्ट आहे. रबरी चप्पल रात्रभर बाहेर थंडीत राहिली तर सकाळी लाकडासारखी कडक होते. स्पोर्ट्स कारच्या रुंद टायरचं तसंच होतं. उन्हाळ्यात ते रस्त्याला चिकटून धावतात, थंडीत कडक होऊन घसरतात. हिवाळ्याच्या टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याला खोल खाचा असतात, त्या बर्फ धरतात. पण त्या काळी रीत अशी होती की हे टायर दोनच घ्यायचे आणि ज्या चाकांना ताकद असते त्यांना लावायचे. गाडी अडकू नये, एवढंच लोक बघायचे. दुकानदार रॉय नावाचा गोरा म्हातारा होता. तो म्हणाला, डॉक्टरांनी चार मागवले होते, पण दोन मागं लावले की भागतं, उरलेले परत घेतो. माझी स्वतःची गाडी पुढच्या चाकांच्या ताकदीची, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन लावून आम्ही निघालो.

त्याच आठवड्यात पहिला मोठा बर्फ पडला. मागच्या चाकांवर वजन असावं म्हणून इकडे लोक डिकीत वाळूची पोती ठेवतात. सुधाताई म्हणाल्या, वाळू कशाला विकत आणायची, घरात कणकेची अख्खी गोणी पडून आहे, एकट्या बाईला किती पोळ्या लागतात. शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरून डॉक्टरांनीच आणलेली. ती डिकीत घट्ट बसली आणि आम्ही चर्चच्या मोकळ्या पार्किंग लॉटवर गेलो.

गाडी निघाली मात्र झकास. मागची चाकं बर्फाला धरून होती. सुधाताई खूश झाल्या आणि दुसऱ्याचा तिसरा गियर टाकला. मी म्हटलं, आता डावीकडे वळा. त्यांनी स्टिअरिंगचं चाक डावीकडे फिरवलं. पुढचे टायर डावीकडे वळलेले मला दिसत होते, गाडी मात्र सरळ चालली होती, जिथं नांगरगाडीनं लॉटभरचा बर्फ लोटून ढीग घातला होता तिकडे. माझा पाय मॅटवर, सगळ्या ताकदीनिशी. त्यांनी ब्रेक दाबला तसं उरलंसुरलं वळणंही संपलं. ते लांब लाल नाक ढिगात अलगद शिरलं आणि सगळं शांत झालं.

"आपण थांबलो," सुधाताई म्हणाल्या.

लागलं कोणालाच नव्हतं. मागं घ्यायला गेलो तर चाकं जागेवर फिरू लागली. चाकाखाली वाळू टाकतात हे मला ठाऊक होतं. वाळू नव्हती. सुधाताईंनी डिकी उघडली, गोणीला हात जोडले, अन्नपूर्णे माफ कर म्हणाल्या आणि दोन ओंजळी कणीक मागच्या चाकाखाली टाकली. मी आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पुढं काय झालं ते स्वयंपाक करणाऱ्या दोन बायकांना आधीच कळायला हवं होतं. खाली वितळता बर्फ, वर गरम फिरतं चाक, मध्ये कणीक. चाकानं ती इतकी सुरेख मळली की खाचाखाचांत गोळे बसले, आणि जे उडाले ते सुधाताईंच्या काळ्या कोटावर. चर्चचा राखणदार फावडं आणि मांजरांसाठीच्या वाळूची पिशवी घेऊन धावत आला. हे काय आहे, असं त्यानं विचारलं. ब्रेड, सुधाताई म्हणाल्या. डॉक्टर गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि मग हसता हसता त्या त्या ढिगाला टेकून रडल्या. मी त्यांचा हात धरून उभी राहिले. राखणदार बिचारा मान खाली घालून बर्फ काढत राहिला.

तिथून आम्ही थेट रॉयकडे गेलो. पुढचे दोनही लावा, मी म्हटलं. मला आता डोळ्यांदेखत कळलं होतं की मागचे दोन टायर गाडीला फक्त पळवतात. वळवायचं आणि थांबवायचं मुख्य काम पुढच्यांचं. पुढं लाकूड आणि मागं मऊ रबर असलं की चुकायला धीर तेवढा येतो. रॉय खांदे उडवून टायर काढायला लागला. म्हणाला, डॉक्टरांशीही याच्यावरून माझा वाद झाला होता. बर्फात हौसेखातर एवढा खर्च कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, माझ्या बायकोचा या गाडीवर भरवसा नाही. तिला बसवायचं तर चार लागतील.

सुधाताई रबराच्या वासाच्या त्या दुकानात खुर्चीवर ताठ बसून राहिल्या. घरी पोचल्यावर आत गेल्या, हळदीकुंकू घेऊन आल्या, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, गराजच्या पायरीवर नारळ फोडला आणि माझ्या हातावर खोबरं ठेवून म्हणाल्या, उद्या किती वाजता?

त्यानंतर त्या ज्या जिद्दीनं शिकल्या तसं मी कुणाला पाहिलं नाही. बर्फ पडला की बाकीच्या विद्यार्थिनी क्लास कॅन्सल करायच्या. सुधाताई फोन करून विचारायच्या, पडला बघ, येतेस ना? चर्चच्या लॉटवर मी त्यांना मुद्दाम घसरायला लावायची. मागचा भाग डावीकडे सुटला तर चाकही डावीकडे. ब्रेकवरचा पाय उचला. जिथं जायचं आहे तिकडे बघा, ढिगाकडे बघू नका, जिकडे बघाल तिकडे जाल. हे सांगायला सोपं. आपलं सगळं अंग ब्रेक दाब म्हणून ओरडत असतं तेव्हा पाय उचलणं महाकठीण. त्या पहिल्यांदा घाबरल्या, मग चिडल्या, मग त्यांना ते येऊ लागलं. त्या लाल गाडीलाही चार मऊ पाय मिळाल्यापासून अक्कल आली होती. चाक जरा फिरवलं की ती ऐकायची. थंडीत टायरमधली हवा आकसते म्हणून दर रविवारी चारही चाकांची हवा बघायची, हेही मी त्यांच्या अंगवळणी पाडलं.

रोड टेस्टच्या दिवशी बर्फ भुरभुरत होता. परीक्षक चांगला सहा फुटांचा, गुडघे छातीशी घेऊन आत बसला आणि म्हणाला, बाई, दुसरी तारीख घेता का? सुधाताईंनी नाही म्हटलं. परत आल्या तेव्हा तो माणूस उतरता उतरता विचारत होता, या गाडीला तुम्ही चारही विंटर टायर लावलेत? नव्या वर्षात मारिया गेली आणि सुधाताई सकाळच्या अंधारात एकट्या कामावर जायला लागल्या. पहिल्या दिवशी पावणेसहाला त्यांची गाडी आमच्या घरावरून गेली. मी खिडकीत उभी होते. पाय गालिच्यावर दाबलेला.

संक्रांतीच्या सुमारास सलील आला. घर विकणाऱ्या बाईला त्यानं आधीच फोन केला होता. दोन दिवस मायलेकांची बोलाचाली झाली, आणि तो निघायच्या दिवशी सकाळी त्यानं मला बोलावून घेतलं. बाहेर बर्फ पडत होता. सुधाताई आत त्याच्यासाठी तिळाच्या वड्या बांधत होत्या. त्यानं आवाज खाली आणला.

"काकू, ऑनेस्टली सांगा, इज शी सेफ? तुम्ही नो म्हणालात तर आई ऐकेल. माझं नाही ऐकत ती."

ते खरं होतं. माझ्या एका नकारानं ती बाई सॅन होजेला गेली असती. आणि त्याला आता एक आईच उरली होती, त्याची भीती मला कळत होती. मला पटकन हो म्हणता आलं असतं, पण माझ्या धंद्यात हो खोटं असतं.

"सलील, बर्फात सेफ कोणी नसतं," मी म्हटलं. "मीही नाही. गाडी घसरली तर काय करायचं ते तुझ्या आईला येतं. एवढं मी शपथेवर सांगते. तुला येतं?"

तो बर्फ नसलेल्या कॅलिफोर्नियात गाडी शिकलेला.

विमानासाठी त्याला शिकागोची ट्रेन पकडायची होती. बॅग पायाशी घेऊन तो ड्राइव्हवेवर आला आणि त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला. "आई, आज तरी मी ड्राइव्ह करतो. स्टेशनवरून तू सावकाश ये. तू इकडं बस." त्यानं उजवीकडचं, शेजारी बसणाऱ्याचं दार उघडून धरलं.

सुधाताई त्या उघड्या दाराकडे बघत राहिल्या. त्यांच्या कानटोपीवर बर्फ जमत होता.

"त्या बाजूला मी बसायची नाही, सलील," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा दर रविवारी तेच दार उघडून उभे राहायचे. तेव्हा बसले नाही. आता कुणाहीसाठी बसणार नाही. तू बस."

सलीलनं किल्लीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला. मग बॅग मांडीवर घेऊन मुकाट्यानं आत बसला.

त्यांच्या गल्लीच्या टोकाला उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी वळण. गाडी खाली गेली तसा मागचा भाग किंचित सुटला. पायरीवर उभ्या उभ्या माझा पाय घोटाभर बर्फात दाबला गेला. ब्रेकचे लाल दिवे पेटले नाहीत. पुढच्या चाकांनी वळण धरलं, गाडी सरळ झाली आणि दिसेनाशी झाली. मी पाय बाहेर काढला. बुटात बर्फ गेला होता.

मी आत जाऊन चहा ठेवला. ट्रेनची वेळ होऊन गेली, चहा दोनदा गरम केला, तेव्हा गराजचं दार वाजलं. सुधाताई आल्या, टोपी झटकली आणि टेबलाशी बसल्या. मी विचारलं, घराचं काय म्हणाला?

"घराचं काही बोलला नाही." त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "उतरताना पुढच्या दोन टायरांना हात लावून बघितलंन. म्हणाला, आई, यांची हवा बघत जा, थंडीत कमी होते."

"मग?"

"म्हटलं, बघते. दर रविवारी बघते."